सात नंबरची कोण?

नरसाळ्याचा चेहरा आख्ख्या शहरात फार तर शेजारच्या चार घरांना ठाऊक होता, पण आवाज मात्र पोपटालाही ओळखू यायचा. पोपटाची गोष्ट खरीच आहे. गल्लीच्या टोकाच्या शिंप्याकडे एक पोपट होता. रेडिओवर संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली की तो नरसाळ्याच्याच सुरात 'नमस्कार' म्हणायचा, आणि नरसाळ्या घरी असला की शिंपी गोंधळून घड्याळाकडे बघायचा.

एकदा भाजीच्या गाड्यावर नरसाळ्यानं टोमॅटोचा भाव विचारला. भाजीवाली काकडी निवडत होती. तिनं मान वर न करता भाव सांगितला आणि पुढं विचारलं, उद्या पाऊस आहे का हो? हा म्हणाला, तुरळक सरी येतील असं हवामानखातं म्हणतं. ती म्हणाली, काल तुम्ही जोरदार म्हणाला होतात, माझी कोथिंबीर झाकून झाकून पिवळी पडली. नरसाळ्यानं मुकाट्यानं ती पिवळी जुडी विकत घेतली. घरी बायकोनं विचारलं, ही कशाला आणली? तर म्हणे, हवामानखात्याच्या वतीनं.

कागदोपत्री त्याला चांगलं भारदस्त नाव होतं. बातम्यांच्या सुरुवातीला तो ते रोज घ्यायचा. पण गावाकडं एकदा चिकटलेलं टोपणनाव म्हणजे कपड्याला लागलेला डिंक. धुवायला जावं तसा जास्तच पसरतो.

ते चिकटलं कसं, ते आधी ऐका. त्याच्या बापाचं गावात रॉकेलचं दुकान होतं. पोराला खेळायची हौस दांडगी, पण पाय असे की चेंडू निघून गेल्यावर हा पळायला लागायचा. शाळेच्या संघात गुरुजींनी त्याला पुढं लावून पाहिलं, मागं लावून पाहिलं, शेवटी हात जोडून म्हणाले, "बाबा रे, तू कुंपणाच्या भिंतीवर बस आणि नुसता बघ." बसला तो. पण नुसतं बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातलं पत्र्याचं नरसाळं घेऊन आला, निमुळतं टोक तोंडाला लावलं आणि सुरू झाला. कुणी चेंडू घेतला, कुणी हिसकावला, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, सगळं. तोंडाला रॉकेलचा वास, जिभेला चटके, पण पठ्ठ्या थांबेल तर शपथ. भिंतीपलीकडं धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायला लागल्या. चेंडू कधी डोळ्यांनी न पाहिलेली एक म्हातारी तर म्हणाली, अगं मारलान् की त्यानं गोल, आता धुवा.

इकडं दुकानात गिऱ्हाईकं बाटल्या घेऊन खोळंबली आणि नरसाळं गायब. बाप काठी घेऊन निघाला. भिंतीच्या मागं येऊन उभा राहिला, आणि काठी तशीच हातात धरून खेळ संपेपर्यंत ऐकत राहिला. पोरगा खाली उतरला तेव्हा त्याला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. बाप म्हणाला, "तो डावीकडचा पोरगा पडला, तो उठला का? तू सांगितलंच नाहीस." त्यानंतरच्या बाजाराला बापानं दुसरं नरसाळं आणलं. एक दुकानाचं, एक पोराचं.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट, आणि पुढं जे घडलं त्याचं मूळ हिच्यातच आहे. एका सामन्यात सगळा खेळ पलीकडच्या टोकाला चालला होता. अलीकडच्या गोलकीपराकडं चेंडू फिरकेना. नरसाळ्याला पोराची दया आली, म्हणून मधेच त्याचं नाव घेऊन म्हणाला, हा बघा उन्हात एकटा उभा आहे, जांभई आवरतो आहे, पण जागेवरून हललेला नाही. संध्याकाळी त्या पोराची आई बाटली घेऊन दुकानात आली. रॉकेल घेतलं, तरी जाईना. मग म्हणाली, माझ्या लेकाचं नाव शाळेत आजवर हजेरीला घेतलं, नाहीतर छडीला. चांगल्यासाठी मोठ्यानं घेतलेलं आज पहिल्यांदा ऐकलं.

नरसाळ्यानं तेव्हापासून नेमच धरला. मैदानात उतरलेल्या प्रत्येकाचं नाव सामन्यात एकदा तरी घ्यायचंच, राखीव बाकावर बसलेल्याचंसुद्धा. कुणाची तरी आई कुठंतरी ऐकत असते.

पुढं शिकून शहरात आला आणि आकाशवाणीच्या केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला गेला. काचेपलीकडं यंत्रावर जो माणूस बसला होता, त्याला सगळे खटक्या म्हणत. दिवसभर खटके वरखाली करणं हाच त्याचा धंदा. नरसाळ्यानं तोंड उघडलं मात्र, यंत्रातली सुई टोकाला जाऊन आपटली. खटक्यानं कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "अहो, हा माईक आहे, विहीर नाही." नापास. दुसऱ्या खेपेला आवाज उतरवून आला, तर इतका उतरवला की सुई जागची हलेना. पुन्हा नापास. तिसऱ्या खेपेला घेतला तो केंद्रावरच्या ताईंनी.

ताई तिथल्या सर्वांत जुन्या वृत्तनिवेदक. पांढरी साडी, जाड काचांचा चष्मा, आणि हसणं महिन्याकाठी एखादं. त्यांनी या नव्या पोरासमोर टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, काठोकाठ भरलेला. म्हणाल्या, वाच बातमी. यानं वाचली. गावाकडची सवय, मुद्द्यावर येताना टेबलावर मूठ आपटली आणि पाणी कागदावर सांडलं. ताईंनी ग्लास पुन्हा भरला. असं आठवडाभर चाललं. पाणी सांडलं की बातमी पहिल्यापासून.

"लोक बातमी ऐकायला बसतात," ताई म्हणाल्या, "तुझा राग-लोभ ऐकायला नाही. तो तुझ्यापाशी ठेव. पाणी हललं नाही पाहिजे."

झालं. पुढच्या सगळ्या नोकरीत तो भरलेला ग्लास नरसाळ्यासमोर असायचा. स्टुडिओत असायचा, आणि मैदानावरच्या लाकडी खोक्यासारख्या केबिनमध्येही असायचा. खटक्या त्याची चेष्टा करायचा की हा माणूस पाणी पीत नाही, पाळतो.

या ग्लासासमोर बसून त्यानं काय काय सांगितलं! धरणाचे दरवाजे उघडायची वेळ आली, तेव्हा नदीकाठच्या गावांना पहिली बातमी यानंच दिली. घाबरवलं नाही आणि लपवलंही नाही. किती वाजता पाणी कुठं पोचेल, गुरं कुठल्या बाजूला न्यायची, म्हाताऱ्यांना आधी हलवा, असं घरातला मोठा माणूस सांगेल तसं सांगितलं, आणि सकाळपर्यंत दर थोड्या वेळानं तेच पुन्हा सांगत राहिला. माणूस एकही गेला नाही. नंतर कितीतरी महिने त्या गावांतून कुणी शहरात आलं की केंद्राच्या दारात डोकावून जायचं. काम काही नसायचं. नुसतं बघून जायचं, कसा दिसतो ते. आणि बहुतेक जण निराश होऊन जायचे, कारण दिसायला नरसाळ्या पोस्टातल्या कारकुनासारखा होता.

धुक्याचा सामना तर लोक अजून सांगतात. उत्तरार्धात असं धुकं उतरलं की केबिनमधून मैदानच दिसेना. दुसरा कुणी असता तर मनानं रचून सांगितलं असतं, कोण तपासायला येणार होतं? हा सरळ म्हणाला, "श्रोतेहो, मला चेंडू दिसत नाही. ऐकू येतं तेवढं सांगतो." आणि बुटांचे आवाज, पंचांची शिट्टी, कोण कुणाला हाका मारतंय, एवढ्यावर त्यानं सामना पार पाडला. शहरात तेव्हापासून म्हणच पडली. कुणी फार थापा मारायला लागला की लोक म्हणायचे, नरसाळ्यासारखं सांग बाबा, दिसत नसेल तर दिसत नाही म्हण.

आणि एकदा तर तारच तुटली होती. मैदान ते केंद्र जोडणारी लाईन मधेच मेली, केंद्रानं बासरीची तबकडी लावून दिली, आणि नरसाळ्या इकडं रंगात येऊन सांगतोय. खटक्याला सुई पडलेली दिसत होती. पण त्यानं सांगितलं नाही. सामना संपल्यावर म्हणाला, इतकं छान चाललं होतं, मोडवेना. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ रस्त्यात भेटून म्हणाले, कालचा कार्यक्रम फार आवडला. नरसाळ्या फुलला. गृहस्थ म्हणाले, बासरी फारच सुरेल.

खटक्यानं एवढं लपवलेलं त्या जन्मात पहिलं आणि शेवटचं. बाकी दोघांची जोडी म्हणजे कढई आणि झारा. वाजायचे खूप, पण एकमेकांशिवाय चालायचं नाही.

घरात बायको जिल्हा रुग्णालयात नर्स होती. बायकांच्या वॉर्डात तिचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि घरातही वेगळं नव्हतं. मुलगी एकच. लाडाचं नाव ठिणगी. बापाचे पाय घेतले नाहीत हे तिचं नशीब. ती चालायच्या आधी पळायला लागली असं आई सांगायची. शाळेत फुटबॉल लागला आणि मग घरातली एकही उशी फाटायची राहिली नाही. डावा पाय तर असा की बादलीत चेंडू टाक म्हटलं तर बादलीतच.

मुलींचा फुटबॉल तेव्हा नवा होता. लोक हसायला यायचे आणि तोंड बंद करून जायचे. ठिणगी शाळेतून कॉलेजात, तिथून जिल्ह्याच्या संघात गेली, आणि एका वर्षी हा संघ विभागीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. सामना आपल्याच मैदानावर. केंद्रानं ठरवलं, मुलींचा सामना पहिल्यांदाच थेट प्रसारित करायचा.

आता प्रश्न उभा राहिला. समालोचन कोण करणार?

केंद्राचे साहेब भले माणूस होते, पण वरून चौकशी येईल या भीतीनं वर्षभर मफलर गुंडाळणारे. त्यांनी नरसाळ्याला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमच्याएवढा चांगला दुसरा नाही, मान्य. पण संघात तुमची मुलगी आहे. लोक कान टवकारून बसतील. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतील. एक जरी तक्रार फोनवर आली, तरी अंतिम सामना मी दुसऱ्याला देईन, आणि इथून पुढंही मग खेळ तुमच्याकडं राहणं अवघड.

नरसाळ्या म्हणाला, "साहेब, कोणती पोरगी माझी, हे कुणाला कळलं तर मी स्वतःच माईक तुमच्या हातात आणून देईन."

बोलून गेला. एवढी वर्षं पाणी हललं नव्हतं, त्याचा गर्वच होता तो. आता काय हलणार? घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती पोळपाट धुत होती. तिनं एवढंच विचारलं की नाव तर घ्याल ना? तो म्हणाला, सगळ्यांचं घेतो, तिचंही घेणारच की.

त्यात एक मेख होती, ती त्याच्या ध्यानात आली सामन्याच्या दिवशी, मैदानावरच्या केबिनमध्ये बसल्यावर. खेळाडूंची नावं तो पूर्ण घ्यायचा. मुलीचं नाव, मधे बापाचं, मग आडनाव. ठिणगीचं पूर्ण नाव घ्यायचं म्हणजे मधे त्याचं स्वतःचं आलं, जे बातम्यांच्या आधी रोज घराघरात ऐकलं जात होतं. नुसतं पहिलं नाव घ्यावं, तर बाकीच्यांची पूर्ण आणि हिचंच अर्धं का, म्हणून लोक लगेच ओळखतील. समोर ग्लास काठोकाठ भरलेला. खाली मैदानात मुली ओळीत उभ्या. तो एकेकीचं नाव घेत सातव्या जर्सीपाशी आला आणि म्हणाला, "सात नंबर." पुढं सरकला.

एकदा तसं म्हटल्यावर परत फिरणं जमेना. पहिल्या अर्ध्यात सात नंबरनं कोपऱ्यातून असा चेंडू टाकला की समोरची बचावाची फळी बघतच राहिली. तो म्हणाला, सात नंबरकडून चेंडू आत. दुसऱ्या अर्ध्यात तिनं दोघींना चकवून डाव्या पायानं गोल केला. सगळं मैदान उभं राहिलं, केबिनची फळी थरथरली, खटक्या हेडफोनसकट उठला आणि वायर ओढली जाऊन पुन्हा खाली बसला. नरसाळ्यानं मात्र दर तासाचं तापमान सांगावं तसं सांगितलं, "सात नंबर. गोल." ग्लासातलं पाणी हललं नाही.

संघ जिंकला. त्यानं बाकी प्रत्येकीचं नाव घेतलं होतं. राखीव गोलकीपरचं घेतलं, बाकावर पायाला पट्टी बांधून बसलेलीचंही घेतलं. खटक्यानं यंत्र बंद केलं आणि नेहमीसारखी चेष्टा केली नाही. नुसतं म्हणाला, पाणी पिऊन घ्या. नरसाळ्याला वाटलं, कमाल झाली, यालाही बोलायला जागा ठेवली नाही मी.

केंद्रावर परत आला, तर टेलिफोनवरची बाई घामाघूम. म्हणाली, अहो, सामना संपल्यापासून फोन ठेवू देत नाहीत लोक. याला वाटलं, म्हणजे कळलं तर लोकांना! कुठं चुकलो? कोणत्या शब्दाला आवाज वर गेला? तो आठवून आठवून थकला. साहेबांनी आत बोलावलं. मफलर आज दुप्पट गुंडाळलेला.

"तक्रारी आल्यात," साहेब म्हणाले. "पुष्कळ आल्यात. सगळ्यांची एकच आहे. सात नंबरची कोण? सगळ्यांची नावं घेतली, आणि जिनं सामना जिंकून दिला तिचंच नाही. एका बाईंनी तर मला विचारलं, ती पोरगी कुणाची आहे, बेवारशी आहे का?"

साहेब पुढं म्हणाले, तक्रार आली तर अंतिम सामना दुसऱ्याला देईन, असं बोललो होतो. कुठली तक्रार, ते बोललो नव्हतो. तुम्ही विचार करा आणि मला सांगा.

घरी आला तर बायको ड्यूटीवरून येऊन बसली होती. चहा दिला, पण कप असा ठेवला की बशीनं ओळखावं. मग तिनं सांगितलं. आख्ख्या वॉर्डाला तिनं आदल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं, उद्या माझ्या लेकीचं नाव रेडिओवर येणार आहे, तिचा बापच घेणार आहे. रेडिओ मधल्या स्टुलावर ठेवला. मांडी मोडलेली एक आजी होती, तिची खाटसुद्धा सरकवून जवळ आणली. दर नावाला बाया विचारत होत्या, सिस्टर, ही का तुमची? ही नाही, पुढची असेल. सामना संपला तरी हिची पुढची येईना. शेवटी हिनं सांगितलं की सात नंबरची तीच. तर आजी म्हणाली, मग बापानं नाव का टाकलं गं? पोरीवर रुसलाय का?

"मी काय सांगायचं तिला?" बायको म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पाहिली होती. तुम्ही तर म्हैसच लपवलीत."

ठिणगी उशिरा आली, गुडघा सोललेला, केसात माती. जेवायला बसली. सामन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बापानं आमटी वाढली. तिनं भात कालवला, आणि खाली बघूनच विचारलं, "बाबा, मी काल खेळले का?"

खरं तर सामना त्याच दिवशीचा होता. पण तिला तो कालचा वाटत होता, इतका तो दिवस तिला लांबला होता. नरसाळ्याला आयुष्यात पहिल्यांदा शब्द कमी पडले, आणि तेही घरात, जिथं माईकसुद्धा नव्हता.

सकाळी उठून तो ताईंकडं गेला. ताई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका खोलीत राहायच्या, खिडकीत रेडिओ. सामना त्यांनी ऐकलाच होता. यानं सगळं सांगितलं, साहेबांचं, फोनचं, वॉर्डातल्या आजीचं. शेवटी म्हणाला, पण ताई, पाणी हललं नाही.

ताईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "कसं हलेल? ग्लासच लपवून ठेवलास तू. तुला वाटतं तू बाजू घेतली नाहीस. घेतलीस. स्वतःच्या पोरीच्या विरुद्ध घेतलीस, आणि ऐकणाऱ्यांपासून खरं राखलंस. धुक्यात दिसत नाही म्हणून सांगणारा माणूस तू, आणि लख्ख उन्हात दिसत असून सांगितलं नाहीस."

एवढं बोलून त्यांनी त्याला उठवलं, दळण आणायला पाठवलं आणि परत आल्यावर चहा दिला. ताईंची माया अशीच. आधी कान, मग साखर.

तिथून तो सरळ साहेबांकडं गेला. म्हणाला, अंतिम सामना मी करतो. पण नाव घेणार, आणि ती माझी आहे हेही सांगणार, आधीच. मग ऐकणाऱ्यांनी ठरवावं पाणी हललं की नाही. त्यांना वाटलं हललं, तर मी बातम्यांपुरता राहीन, खेळाच्या केबिनची किल्ली खटक्याकडं देईन. साहेबांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाले, ठीक आहे. पण त्या दिवशी टेलिफोनवर मी स्वतः बसणार.

अंतिम सामना परगावच्या संघाशी, आणि तो संघ नुसता तगडा. मैदान खच्चून भरलेलं. वॉर्डात स्टुलावर रेडिओ, मांडीवाल्या आजीची सुट्टी झाली होती तरी ती सामन्यापुरती हट्टानं थांबली होती. केबिनमध्ये खटक्यानं ग्लास भरून ठेवला. नरसाळ्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. सहाव्या जर्सीपर्यंत आला, एक श्वास घेतला.

"सात नंबरच्या जर्सीत," तो म्हणाला, आणि पूर्ण नाव घेतलं. तिचं, मधे स्वतःचं, मग आडनाव. "श्रोतेहो, ही माझी मुलगी. गेल्या सामन्यात हिचं नाव मी घेतलं नाही, ती माझी चूक. आज घेणार आहे. माझ्यावर लक्ष असू द्या."

मैदानावरही लोकांनी खिशातले रेडिओ कानाला लावलेले असतात. टाळी उठली ती आधी उन्हाच्या बाजूनं, मग सगळीकडून. खाली ठिणगीला कळेना, अजून चेंडू पडला नाही आणि टाळ्या कसल्या? पलीकडच्या संघाची कप्तान तिच्या कानात काहीतरी म्हणाली. ठिणगीनं केबिनकडं एकदा पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हती.

आणि मग नरसाळ्या असा बोलला, असा बोलला, की भिंतीवरचा पोरगा पुन्हा नरसाळं घेऊन बसल्यासारखा. परगावच्या पोरींची नावंही तशीच पूर्ण, तशीच प्रेमानं. त्यांच्या गोलकीपरनं एक झेप घेतली, तिचं त्यानं इतकं कौतुक केलं की आपलेच लोक कुरकुरले. बरोबरी चालली. उत्तरार्धात ठिणगी मोकळी सुटली, समोर फक्त गोलकीपर. साऱ्या मैदानानं श्वास धरला. तिनं चेंडू वरून घालवला.

नरसाळ्यानं तिचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाला, "संधी सोपी होती. दवडली."

वॉर्डात रेडिओभोवतीच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आजी म्हणाली, कसला गं बाप हा.

शेवट जवळ आला. चेंडू पुन्हा ठिणगीकडं. दोघी तिच्या अंगावर धावल्या. तिनं स्वतः मारायचं सोडून बाजूला सरकवला, जिथं बाकावरून नुकतीच आलेली, पायाला पट्टी बांधलेली पोरगी एकटी उभी होती. पट्टीवाल्या पोरीनं डोळे मिटून मारला आणि जाळं हललं. नरसाळ्यानं आधी त्या पोरीचं नाव घेतलं, पूर्ण, सावकाश, तिची आई जिथं असेल तिथं पोचेल असं. मग म्हणाला, "आणि हा चेंडू दिला कुणी, तेही ऐका," आणि सात नंबरचं नाव घेतलं. आवाज वर गेला का? गेला. पण पहिल्या नावाला जेवढा गेला तेवढाच. खटक्यानं नंतर शपथेवर सांगितलं, सुई दोन्ही वेळा एकाच ठिकाणी होती.

ग्लास मात्र सांडला. पार आडवा झाला, पाणी नरसाळ्याच्या पँटवर. कारण खटक्या उठून नाचायला लागला होता आणि त्याचं कोपर लागलं. एवढ्या वर्षांत नरसाळ्याकडून न सांडलेला ग्लास शेवटी त्यानं सांडवला, आणि वर म्हणतो कसा, अहो, नातेवाईक तुम्ही आहात, मी नाही. मला नाचायला काय हरकत आहे?

केंद्रावर साहेब टेलिफोनपाशी बसून होते. फोन खूप आले, पण बहुतेक सगळे अभिनंदनाचे. परगावाहूनसुद्धा एक आला. इकडच्या गोलकीपरची आई बोलतेय, म्हणाली, त्या निवेदकांना सांगा, तिचं नाव नीट घेतलंत. साहेबांनी मफलर काढून खुर्चीवर टाकला. अख्खा हिवाळा पुढं होता तरी तो पुन्हा बांधला नाही.

तक्रार एकच आली. बाईंचा आवाज, मागं खाटांची कुरकुर आणि कुणीतरी म्हातारी चिथावणी देत असलेली. समालोचक पक्षपाती आहेत, असं त्या बाईंचं म्हणणं. साहेबांनी घाबरून विचारलं, कुणाच्या बाजूनं? बाई म्हणाल्या, सात नंबरच्या विरुद्ध. ती संधी मुळीच सोपी नव्हती. गोलकीपर पुढं आली होती, कोन राहिला नव्हता, हे त्यांना केबिनमधून दिसत नसेल तर चष्मा करायला सांगा. साहेबांनी नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. पण फोन जोडून देताना टेलिफोनवरच्या बाईनं तो आवाज ओळखला होता. नरसाळ्याला घरी जायला उशीर झाला की तोच आवाज विचारायचा, आमचे हे निघाले का? नरसाळ्याला मात्र साहेबांनी नुसती तक्रार ऐकवली, आवाजाचं कुणीच सांगितलं नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला ठिणगीनं पदक भाताच्या पातेल्याशेजारी ठेवलं होतं. बापानं वाढायला घेतलं.

"बाबा, संधी सोपी नव्हती हं."

"सोपी होती," नरसाळ्या म्हणाला.

"अहो, कोन राहिला नव्हता," बायको म्हणाली.

नरसाळ्यानं डाव तसाच हातात धरून तिच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं पाहिलं, आणि हसू आवरता आवरता आमटी पानाबाहेर सांडली.